समुद्रकाकडीत विष असते की औषध?

प्रश्न : आम्ही नोकरीनिमित्त सिंगापूरला राहतो. इथल्या चायनाटाउनमधील सुकवलेल्या मालाच्या दुकानांत काळपट, सुरकुतलेल्या समुद्रकाकड्या काचेच्या बरण्यांत भरून ठेवलेल्या दिसतात. त्यांची किंमत ऐकून थक्क व्हायला होते. शेजारच्या चिनी आजी सांगतात की शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला हे खायला दिले की जखम लवकर भरते. मलेशियात याच प्राण्याचे तेल, साबण आणि टूथपेस्टही पाहिली. माझ्या मुलाने मात्र पुस्तकात वाचले की समुद्रकाकडीच्या अंगात मासे मारणारे विष असते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील? माझ्या सासूबाईंना सांधेदुखी आहे, शिवाय हृदयाच्या तक्रारीमुळे रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. एका परिचितांनी त्यांच्यासाठी समुद्रकाकडीच्या कॅप्सूल आणून दिल्या आहेत. त्या द्याव्यात का?
— एक वाचक, सिंगापूर

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते तातडीचे आहे. सासूबाईंच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय त्या कॅप्सूल सुरू करू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा आणि समुद्रकाकडीतल्या एका संयुगाचा थेट संबंध आहे. तो पुढे येईलच.

आता तुमचा मूळ प्रश्न. मुलाने वाचले ते खरे आहे. आजी सांगतात त्यामागेही शतकांचा अनुभव आणि श्रद्धा आहे. दोन्हींचा मेळ घालायचा तर त्या प्राण्याच्या अंगात नेमके काय असते, ते तिथे कशासाठी असते आणि आपल्या पोटात गेल्यावर त्याचे काय होते, या तीन गोष्टी वेगवेगळ्या पाहाव्या लागतात. बाजारातल्या जाहिराती पहिली गोष्ट सांगतात आणि तिसरी सांगितल्यासारखे भासवतात. सगळा गोंधळ तिथेच होतो.

हा प्राणी आहे तरी कोण?

नावात काकडी असली तरी हा प्राणी तारामासा आणि समुद्री अर्चिन यांचा भाऊबंद आहे. या कुळाला कंटकचर्मी म्हणतात. समुद्रकाकडीच्या सुमारे 1700 जाती माहीत आहेत आणि त्यांपैकी सत्तरएक जातींची व्यापारासाठी पकड होते. जपान, कोरिया आणि उत्तर चीनच्या थंड पाण्यातली 'अपोस्टिकोपस जॅपोनिकस' ही सर्वांत मानाची. आपल्या हिंदी महासागरातली 'होलोथुरिया स्कॅब्रा' म्हणजे वाळूत राहणारी जात, तीही महागड्या मालात मोडते. उत्तर अटलांटिकमध्ये 'कुकुमारिया फ्रॉन्डोसा' मिळते.

या प्राण्याला डोके नाही, मेंदू नाही, दात नाहीत, कवच नाही आणि पळण्याचा वेगही नाही. समुद्राच्या तळाशी सावकाश सरकत तो वाळू गिळतो, तिच्यातला सेंद्रिय गाळ पचवतो आणि स्वच्छ वाळू मागे टाकतो. उघड्यावर पडलेल्या अशा मऊ, मांसल प्राण्याला मासे आणि खेकडे सहज खाऊन टाकतील असे वाटते. प्रत्यक्षात फार थोडे प्राणी त्याच्या वाटेला जातात. त्याचे संरक्षण रसायनांनी होते. तुम्ही बरणीत पाहिलेल्या प्राण्याच्या औषधी कीर्तीचे आणि विषारी कीर्तीचेही मूळ बऱ्याच अंशी याच संरक्षणात आहे.

मासे मारणारे विष म्हणजे काय?

त्याचे नाव सॅपोनिन. हा शब्द अनोळखी वाटला तरी पदार्थ आपल्या घरातला आहे. रिठा आणि शिकेकाई पाण्यात घुसळल्यावर जो फेस येतो तो सॅपोनिनचाच. समुद्रकाकडीचा अर्क परीक्षानळीत घालून हलवला तर तसाच टिकाऊ फेस उभा राहतो. वनस्पतींमध्ये सॅपोनिन मुबलक आढळतात, पण प्राण्यांमध्ये ती दुर्मीळ आहेत. समुद्रकाकडी आणि तारामासा ही त्यातली ठळक उदाहरणे.

या रेणूचे दोन भाग असतात. एक भाग तीस कार्बन अणूंच्या सांगाड्यावर रचलेला, तेलात मिसळणारा. दुसरा भाग म्हणजे त्याला जोडलेली साखरेच्या रेणूंची साखळी, पाण्यात मिसळणारी. या साखळीत झायलोज, क्विनोवोज, ग्लुकोज अशा दोनपासून सहापर्यंत साखरा असतात आणि अनेकदा तिला सल्फेटचा गटही चिकटलेला असतो. साखरांचा क्रम, सल्फेटची जागा, सांगाड्यातले छोटे फरक यांमुळे अशी शेकडो संयुगे तयार होतात आणि जातीगणिक त्यांचा संच बदलतो.

आता ते मारते कसे? प्राण्यांच्या पेशींच्या पटलात कोलेस्टेरॉल असते. सॅपोनिनचा तेलाळ भाग त्या कोलेस्टेरॉलशी जखडला जातो आणि पटलाला भोके पडतात. पेशीच्या आतले क्षार बाहेर जातात, पाणी आत शिरते आणि पेशी फुटते. तांबड्या रक्तपेशींवर हे प्रयोगशाळेत सहज दिसते. माशांना याचा फटका सर्वांत जास्त बसतो, कारण त्यांचे कल्ले म्हणजे पाण्याला सतत भिडलेली अत्यंत पातळ त्वचा आणि तिच्याखाली थेट रक्त.

पॅसिफिकमधल्या ग्वाम बेटावरचे लोक हे फार पूर्वीपासून जाणत होते. ओहोटीनंतर खडकांत पाणी साचून राहते. त्यात काळी समुद्रकाकडी चिरून तिचा रस सोडायचा आणि वर आलेले मासे गोळा करायचे, ही त्यांची रीत. आपल्याकडे डोंगराळ भागात गेळाची फळे ठेचून डोहात टाकतात आणि मासे गुंगवतात. गेळातही सॅपोनिनच असते. हजारो मैल दूर असलेल्या दोन समाजांनी, एकाने प्राण्यातून आणि दुसऱ्याने झाडातून, एकाच प्रकारचे रसायन हेरले.

काही जातींजवळ याहून ठोस हत्यार असते. होलोथुरिया आणि बोहाडशिया या वंशांतल्या अनेक जातींच्या शरीरात, मागच्या टोकाजवळ, पांढऱ्या बारीक नळ्यांचा झुबका असतो. एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ जॉर्ज क्यूव्हिए यांच्या नावाने त्या ओळखल्या जातात. प्राण्याला कोणी छेडले की तो मागचा भाग शत्रूकडे वळवतो आणि या नळ्या बाहेर फेकतो. पाण्यात येताच त्या लांबच लांब ताणल्या जातात आणि ज्याला स्पर्श होईल त्याला काही क्षणांत चिकटतात. खेकडा त्यात अडकला की त्याला पाय हलवणे अशक्य होते. त्या नळ्यांमध्ये सॅपोनिनही असते. चिकटा आणि विष, दोन्ही एकदम. नंतर प्राणी त्या नळ्या पुन्हा वाढवतो.

मग तो स्वतःच्या विषाने कसा मरत नाही?

कारण त्याच्या स्वतःच्या पेशींच्या पटलात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसते. त्याजागी वेगळ्या बांधणीचे स्टेरॉल असतात आणि त्यांच्याशी सॅपोनिनचे जमत नाही.

ही व्यवस्था जनुकांच्या पातळीवर कशी आली, हे 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. इंग्लंडमधल्या जॉन इन्स सेंटरमध्ये रमेश थिम्मप्पा आणि ॲन ऑस्बर्न यांच्या गटाने ते केले. बहुतेक प्राण्यांत लॅनोस्टेरॉल नावाचा पदार्थ तयार करणारे एक विकर असते आणि पुढे त्यातूनच कोलेस्टेरॉल घडते. समुद्रकाकडीत हे विकर नाहीच. त्याऐवजी तिच्याकडे बदललेल्या रूपातली दोन विकरे आहेत. त्यांच्या कामातून एकीकडे सॅपोनिनचा कच्चा माल तयार होतो आणि दुसरीकडे वनस्पतींतल्यासारखे वेगळे स्टेरॉल. म्हणजे जुने विकर हरवले आणि त्याच्या जागी आलेल्या विकरांनी विषही दिले आणि त्या विषापासून अभयही. उत्क्रांतीचा इतका नेटका हिशेब क्वचितच पाहायला मिळतो.

या विषाभोवती इतर जीवांनीही आपले संसार मांडले आहेत. मोतीमासा म्हणून ओळखला जाणारा सडपातळ मासा जिवंत समुद्रकाकडीच्या शरीरात शिरून राहतो. अंगावरच्या जाड बुळबुळीत थरामुळे तो तगतो, असे संशोधक मानतात. एक लहान खेकडा तर याच सॅपोनिनच्या वासावरून आपली यजमान समुद्रकाकडी शोधतो, असे बेल्जियममधल्या मॉन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवले. बाकीच्यांना दूर ठेवणारे रसायन त्याला जवळ बोलावते.

माणसे हे खातात आणि त्यांना काही होत नाही, ते कसे?

याची दोन कारणे आहेत. पहिले कारण स्वयंपाकाच्या रीतीत आहे. पकडलेल्या समुद्रकाकडीचे पोट चिरून आतडी आणि नळ्या काढतात, मग ती उकळतात, मीठ लावतात, पुन्हा उकळतात आणि कडक वाळवतात. ताज्या अंगाच्या वजनात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असते, त्यामुळे हातभर लांबीच्या प्राण्याचे बोटभर लाकडासारखे तुकडे होतात. स्वयंपाकघरात ती पुन्हा दोन-तीन दिवस भिजत घालतात, रोज पाणी बदलतात, मधे उकळतात, पोटातली उरलेली वाळू धुऊन काढतात. चिनी आचारी या काळात भांड्याला तेलाचा हातही लागू देत नाहीत. भिजून ती दुपटी-तिपटीने फुगते आणि सुरीखाली लवचीक, पारदर्शक दिसू लागते. या सगळ्यात सॅपोनिनचा बराच भाग पाण्याबरोबर निघून जातो आणि उष्णतेने त्याची मोडतोडही होते.

दुसरे कारण आपल्या पोटात आहे. सॅपोनिन तोंडावाटे गेले तर आतड्यातून रक्तात फारच थोडे शिरते. जठरातले आम्ल आणि आतड्यातले जंतू त्याच्या साखरा तोडतात. म्हणूनच जपान आणि कोरियात हा प्राणी कच्चा, पातळ काप करून खातात, जपानमध्ये आतडी खारवून 'कोनोवाता' हा महागडा पदार्थ करतात, तरी माणसे मरत नाहीत. तेच सॅपोनिन उंदराच्या शिरेत टोचले तर अगदी अल्प मात्रेत तो मरतो. डोळ्यात गेले तर माणसालाही चांगलीच इजा होते.

ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण औषधाच्या बाबतीतही ती तितकीच लागू आहे. जो रेणू पोटातून रक्तात पोहोचत नाही म्हणून विष ठरत नाही, तोच रेणू त्याच कारणाने औषध म्हणूनही पोहोचत नाही.

औषधाची गोष्ट कुठे सुरू झाली?

न्यूयॉर्क झूऑलॉजिकल सोसायटीचे जीवशास्त्रज्ञ रॉस निग्रेली बहामा बेटांजवळच्या 'ॲक्टिनोपायगा अगासिझाय' या समुद्रकाकडीचा अभ्यास करत होते. तिच्यातल्या विषारी द्रव्याला त्यांनी होलोथुरिन हे नाव दिले. 1952 मध्ये त्यांचा निबंध आला. त्यात होलोथुरिनचा माशांवरचा परिणाम होता आणि सार्कोमा 180 ही गाठ रुजवलेल्या उंदरांवरचाही. मासे मरत होते आणि उंदरांची गाठ वाढायला अटकाव होत होता. तुमच्या पत्रातले दोन्ही पक्ष तेव्हापासून एकाच निबंधात शेजारी शेजारी उभे आहेत. 1959 मध्ये निग्रेली आणि रसायनशास्त्रज्ञांनी मिळून होलोथुरिन ए वेगळे काढले आणि त्यातल्या साखरा ओळखल्या.

यात अंतर्विरोध नाही. पेशीचे पटल फोडणारा पदार्थ कर्करोगाची पेशीही फोडतो आणि बुरशीचीही. जपानी संशोधकांनी 1969 मध्ये खाण्याच्या समुद्रकाकडीतून बुरशीनाशक होलोटॉक्सिन वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने 2007 मध्ये 'ॲक्टिनोपायगा लेकानोरा' या जातीतल्या सॅपोनिनचा बुरशीवरचा परिणाम दाखवला. उत्तर अटलांटिकच्या जातीतल्या फ्रॉन्डोसाइड ए या संयुगावर तर संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐन इथे बरेच काम झाले आणि उंदरांमधल्या स्वादुपिंडाच्या व फुफ्फुसाच्या गाठी त्याने रोखल्या.

अडचण अशी की निरोगी पेशीलाही पटल असते आणि त्यातही कोलेस्टेरॉल असते. मारायची पेशी आणि वाचवायची पेशी यांत फरक करणारी मात्रा शोधणे हे खरे काम. व्लादिवोस्तोकच्या पॅसिफिक जैवसेंद्रिय रसायन संस्थेत ग्योर्गी एल्याकोव्ह आणि व्हॅलेंतिन स्तोनिक यांनी या संयुगांवर अनेक दशके काम केले. तिथल्या शास्त्रज्ञांनी एक मार्ग काढला. सॅपोनिन शरीरातल्या कोलेस्टेरॉलवर तुटून पडते, तर आधीच त्याला कोलेस्टेरॉलशी बांधून टाकायचे. अशा जोडीची विषारी धार बरीच बोथट झाली आणि अल्प मात्रेत प्रतिकारशक्ती जागवण्याचा गुण टिकला. या जोडीला त्यांनी कुमासाइड नाव दिले. विषाचे औषध करणे किती मेहनतीचे असते, हे यातून कळते. आजमितीस समुद्रकाकडीच्या सॅपोनिनपासून बनवलेले कर्करोगावरचे मान्यताप्राप्त औषध बाजारात नाही. परीक्षानळीतली पेशी मेली म्हणजे रुग्ण बरा झाला, असे होत नाही. या दोन्हींमध्ये अनेक वर्षांच्या चाचण्या असतात आणि बहुतेक पदार्थ त्यांत गळतात.

सासूबाईंच्या गोळीशी संबंध कोणता?

समुद्रकाकडीच्या अंगात सॅपोनिनपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात असलेले दुसरे एक संयुग आहे. त्याचे नाव जरा लांब आहे : फ्युकोसिलेटेड कॉन्ड्रॉइटिन सल्फेट. कॉन्ड्रॉइटिन सल्फेट आपल्या सांध्यांच्या कूर्चेतही असते. समुद्रकाकडीतल्या साखळीला मात्र जागोजाग फ्युकोज या साखरेच्या सल्फेटयुक्त फांद्या असतात. अशा फांद्यांचे कॉन्ड्रॉइटिन सल्फेट समुद्रकाकडीखेरीज इतर प्राण्यांत सापडत नाही.

या फांद्यांमुळे तो रेणू रक्त गोठू देत नाही. रिओ दी जानेरोमध्ये पाउलो मोराँव आणि सहकाऱ्यांनी हे तपशीलवार दाखवले : फांद्या काढून टाकल्या की गोठणरोधक गुणही गेला. शस्त्रक्रियेत आणि डायलिसिसमध्ये वापरले जाणारे हेपरिन हे औषध डुकराच्या आतड्यापासून मिळते. त्याला पर्याय म्हणून जगभरातले संशोधक या समुद्री साखळीकडे पाहतात. हेपरिनपेक्षा वेगळ्या टप्प्यावर ती रक्त गोठण्याची साखळी तोडते, त्यामुळे रक्तस्रावाचा धोका कमी ठेवता येईल, अशी आशा आहे. पण पूर्ण लांबीची साखळी टोचली तर रक्तदाब उतरण्यासारखे दुष्परिणाम होऊ शकतात. म्हणून जपान आणि चीनमध्ये तिचे लहान तुकडे करून अभ्यास चालू आहे.

इतका मोठा रेणू तोंडावाटे घेतल्यावर रक्तात पोहोचणे अवघड आहे. तरीही मोराँव यांच्याच गटाला 2006 मध्ये उंदरांना तो तोंडावाटे दिल्यावर रक्ताची गुठळी होण्यावर परिणाम दिसला. ताटात दोन तुकडे खाणाऱ्या निरोगी माणसाला याची काळजी नको. पण जिच्या रक्ताचे पातळपण डॉक्टर गोळीच्या मात्रेने मोजूनमापून सांभाळत आहेत, तिच्या शरीरात आणखी एका गोठणरोधकाचा अर्क, तोही किती आणि कोणत्या जातीचा हे नीट न कळता, घालणे योग्य नाही. शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर अशा कॅप्सूल घेत असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

आणि सांधेदुखी, जखमा, कोलॅजन?

समुद्रकाकडीच्या अंगातल्या प्रथिनांपैकी सुमारे सत्तर टक्के कोलॅजन असते. हे कोलॅजन मोठे विलक्षण आहे. हा प्राणी मज्जातंतूंच्या इशाऱ्यावर आपली त्वचा काही सेकंदांत ताठ करतो किंवा सैल सोडतो. तंतू तेच राहतात, पण त्यांना एकमेकांशी बांधणारी प्रथिने बदलतात. त्यातल्या एका प्रथिनाला टेन्सिलिन म्हणतात. सैल होऊन तो अरुंद कपारीत शिरतो आणि आत गेल्यावर ताठ होऊन अडकून बसतो, मग त्याला ओढून काढता येत नाही. याच्यापासून स्फूर्ती घेऊन अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने 2008 मध्ये एक पदार्थ बनवला. तो कोरडा असताना टणक असतो आणि ओला झाल्यावर मऊ होतो. मेंदूत घालायच्या बारीक तारांसाठी असा पदार्थ उपयोगी पडावा, हा हेतू होता.

पण ताटातले कोलॅजन सरळ तुमच्या गुडघ्यात जाऊन बसत नाही. पोटात त्याचे अमिनो आम्लांत आणि लहान तुकड्यांत रूपांतर होते, जसे कुठल्याही प्रथिनाचे होते. त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल जवळजवळ नसते, त्यामुळे प्रथिन म्हणून ते अंडे, दूध किंवा डाळभाताची जागा घेऊ शकत नाही. समुद्रकाकडीत मेदही अगदी कमी असतो. त्या मेदात ईपीएसारखी चांगली मेदाम्ले असतात हे खरे, पण एकूण मेदच इतका थोडा की बांगडा किंवा तारली खाल्ली तर त्याहून कितीतरी अधिक मिळतील.

मलेशियात लंकावीच्या आसपास ज्या जातींना 'गमात' म्हणतात, त्यांचा अर्क जखमेवर लावण्याची परंपरा जुनी आहे. त्यातली मेदाम्ले आणि सल्फेटयुक्त साखरा जखम भरण्यास मदत करू शकतात, असे प्राण्यांवरच्या काही प्रयोगांत दिसले आहे. शेजारच्या आजींचा अनुभव मी हलका मानत नाही. आजाऱ्याला मऊ शिजवलेले, पचायला सोपे, प्रथिनयुक्त अन्न प्रेमाने भरवले तर त्याचा फायदा होतोच. त्यातला किती वाटा समुद्रकाकडीतल्या खास संयुगाचा, हे ठरवायला माणसांवरच्या मोठ्या आणि काटेकोर चाचण्या हव्यात. त्या चाचण्या जिथे नाहीत तिथे कॅप्सूलच्या डबीवरचा दावा हा निव्वळ दावाच राहतो.

या कीर्तीची किंमत कोण मोजते?

तुम्ही विचारले नाही, पण हे सांगितल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही. उत्तम प्रतीच्या वाळवलेल्या मालाला किलोला शेकडो डॉलर मिळतात. मन्नारचे आखात आणि पाल्कच्या सामुद्रधुनीतून हा माल शतकानुशतके चीनकडे जात होता. पकड इतकी वाढली की भारत सरकारने 1982 मध्ये लहान मालाच्या निर्यातीवर बंदी घातली आणि 2001 मध्ये सर्व जातींना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात घातले. ज्या कायद्याने वाघाला संरक्षण दिले, त्याच कायद्याने समुद्रकाकडीलाही दिले. 2020 मध्ये लक्षद्वीपच्या चेरियापाणी प्रवाळखडकावर 239 चौरस किलोमीटरचे राखीव क्षेत्र समुद्रकाकडीसाठी घोषित झाले. असे ते जगातले पहिले. भारतात येताना सामानात हा माल आणण्याचा विचारही करू नका.

या प्राण्याला वाचवणे अवघड आहे, कारण नर आणि मादी आपापली बीजे पाण्यात सोडतात आणि फलन तिथेच होते. दोघे फार दूर असले तर बीजे भेटतच नाहीत. म्हणून एखाद्या भागात त्यांची संख्या ठरावीक मर्यादेखाली गेली की शिल्लक असलेले प्राणी जिवंत असूनही वंश वाढत नाही. आणि तो गेला की तळही बिघडतो. ताहितीजवळच्या मोरेआ बेटावर संशोधकांनी प्रवाळाच्या काही तुकड्यांभोवतालच्या समुद्रकाकड्या काढल्या, तेव्हा ते प्रवाळ अधिक प्रमाणात मरू लागले. हे संशोधन 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. गाळ खाऊन तळ साफ ठेवणारा प्राणी गेला की रोगजंतूंचे फावते.

आशेच्या जागाही आहेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या तुतिकोरीन केंद्रात डी. बी. जेम्स आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये होलोथुरिया स्कॅब्राची पिल्ले टाकीत यशस्वीपणे वाढवली. जगात हे पहिल्यांदा भारतात झाले आणि पुढे अनेक देशांनी तो मार्ग धरला. सॅपोनिन बनवणारी जनुके हाती आल्यामुळे उद्या ती यीस्टमध्ये घालून संयुग तयार करता येईल. औषध म्हणून ज्या रेणूची गरज आहे तो कारखान्यात बनवता आला, तर त्यासाठी समुद्राचा तळ खरवडण्याचे कारण राहणार नाही.

तेव्हा तुम्ही काय करावे?

कॅप्सूलची डबी सासूबाईंच्या डॉक्टरांकडे घेऊन जा आणि ते सांगतील तसेच वागा. सांधेदुखीसाठी त्यांच्याकडूनच व्यायाम आणि औषध ठरवून घ्या. शेजारच्या आजींनी प्रेमाने एखाद्या सणाला समुद्रकाकडी वाढली आणि तुमच्यापैकी कोणाला तसे काही पथ्य किंवा ॲलर्जी नसेल, तर मनात भीती न ठेवता खा. पण ती शेतीतली आहे की समुद्रातून ओरबाडलेली, हे विचारा. विचारणारी गिऱ्हाइके वाढली की दुकानदारही विचारू लागतात.

मुलाला सांगा की त्याचे पुस्तक बरोबर आहे. आणि यापुढे कुठल्याही डबीवर, ती समुद्रकाकडीची असो की घरच्या झाडपाल्याची, 'यात अमुक संयुग आहे' असे छापलेले दिसले, तर त्याला तीन प्रश्न विचारायला शिकवा : ते किती आहे, ते पोटातून रक्तात पोहोचते का, आणि ते माणसांवर तपासले आहे का? या तिन्हींची उत्तरे मिळाली तरच ते औषध समजावे. एरवी ते त्या मुक्या प्राण्याने स्वतःच्या रक्षणासाठी बनवलेले एक सुंदर रसायन आहे आणि तेवढे असणेही पुरेसे आहे.